कुत्र्याचं खाणं: किलोचा दर आणि दिवसाचा खर्च

कुत्र्याच्या खाण्याबद्दल येणाऱ्या पत्रांत दोन चिंता सतत दिसतात: पैसे किती घालावेत आणि घरचं अन्न पुरतं का. त्यांतली सगळ्यांच्या उपयोगी पडतील अशी पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरांतले भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. आपल्या दुकानातले भाव घालून तोच हिशेब पुन्हा करून पाहावा.

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर तीन वर्षांचा आहे, वजन ३० किलो, नसबंदी झालेली. दुकानात २२० रुपये किलोपासून ६५० रुपये किलोपर्यंतचं सुकं खाणं आहे. दुकानदार महागातलं घ्या म्हणतो, शेजारी म्हणतात सगळं सारखंच. निवडायचं कसं? (एक वाचक, पुणे)

किलोचा दर बाजूला ठेवा आणि आधी कुत्र्याला दिवसाला किती कॅलरी लागतात ते काढा. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हे मिनिटभरात होतं. वजनाला वजनानं दोनदा गुणा (३० × ३० × ३० = २७,०००), आलेल्या संख्येचं वर्गमूळ घ्या आणि त्याचं पुन्हा वर्गमूळ घ्या. १२.८ येईल. त्याला ७० नं गुणलं की सुमारे ९०० होतात. नुसतं पडून राहण्यासाठी शरीराला इतकी ऊर्जा लागते. नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि दोन वेळा फिरून येणाऱ्या कुत्र्यासाठी याला १.४ ते १.६ नं गुणायचं. तुमच्या कुत्र्यासाठी १,३०० कॅलरी धरून सुरुवात करा.

आता पिशवी उलटी करा. मागच्या बाजूला प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांचे टक्के दिलेले असतात. राखेचा, म्हणजे खनिजांचा आकडा बहुधा नसतो, तो ८ धरा. या सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा केली की पिष्टमय पदार्थ किती ते कळतं. प्रथिनं आणि पिष्ट यांच्या प्रत्येक ग्रॅममागे ३.५ कॅलरी आणि स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅममागे ८.५ कॅलरी धरायच्या. समजा २२० रुपयांच्या पिशवीवर प्रथिनं २०, स्निग्धांश १०, तंतू ५, ओलावा १० असं आहे. पिष्ट ४७ उरतं आणि १०० ग्रॅममध्ये सुमारे ३२० कॅलरी निघतात. ३०० रुपयांच्या पिशवीवर प्रथिनं २४, स्निग्धांश १४, तंतू ४, ओलावा १० असेल, तर १०० ग्रॅममध्ये ३४३ कॅलरी होतात. ६५० रुपयांच्या पिशवीत ३०, १८, ३ आणि १० असेल, तर ३६६ च्या आसपास.

म्हणजे पहिलं खाणं दिवसाला ४०६ ग्रॅम लागेल आणि ८९ रुपये पडतील. दुसरं ३८० ग्रॅम, ११४ रुपये. तिसरं ३५५ ग्रॅम, २३१ रुपये. पहिल्या दोघांच्या किलोच्या दरात ८० रुपयांचा फरक दिसतो, दिवसाच्या खर्चात तो २५ रुपयांवर येतो. तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे तुम्ही दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त पैसे देता आणि निरोगी, घरात राहणाऱ्या लॅब्रॅडॉरला त्यातून वेगळं असं काही मिळत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: महिन्याचे साडेसातशे रुपये जास्त झेपत असतील तर मधलं घ्या. झेपत नसतील तर पहिलंही चालेल, मात्र खाली सांगितलेल्या तपासण्यांतून ते पार पडलं पाहिजे.

पहिली तपासणी म्हणजे हे खाणं ‘कम्प्लीट’ असल्याचं आणि कोणत्या वयासाठी आहे ते पिशवीवर स्पष्ट लिहिलेलं असणं. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं खाणं एकट्यानं पोसणारं नसतं. अमेरिकेतल्या आफ्को किंवा युरोपातल्या फेडियाफ या संस्थांच्या पोषणमानांनुसार बनवल्याचा उल्लेख असेल तर चांगलं. आफ्को कुठल्याही खाण्याला मंजुरी किंवा प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानकं ठरवते. म्हणून ‘आफ्को मान्यताप्राप्त’ असं छापणाऱ्या कंपनीकडे जरा संशयानंच पाहा. या मानकांनुसार प्रौढ कुत्र्याच्या खाण्यात ओलावा वगळून प्रथिनं किमान १८ टक्के आणि स्निग्धांश किमान ५.५ टक्के लागतात. वरच्या तिन्ही पिशव्या त्यात बसतात.

दुसरी तपासणी घटकांच्या यादीची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिल्या तिघांत कोंबडी, चिकन मील, मासे किंवा अंडं असं प्राणिज प्रथिन नावानिशी दिसलं पाहिजे. ‘चिकन मील’ नाव ऐकून नाक मुरडू नका. पाणी आणि चरबी काढून वाळवलेलं ते कोंबडीचं मांस-कातडी, कधी हाडांसकट, असतं आणि ताज्या चिकनपेक्षा त्यात प्रथिनं कितीतरी पटींनी दाट असतात. ताज्या चिकनचं नाव यादीत पहिलं येतं ते बऱ्याचदा त्यातल्या सत्तर टक्के पाण्याच्या जोरावर. नुसतं ‘धान्य आणि धान्याचे उपपदार्थ’ आधी आणि मांस पाचव्या-सहाव्या जागी असेल, तर ती पिशवी परत फळीवर ठेवा.

तिसरी तपासणी कागदावर होत नाही. पिशवीवरचं प्रथिनांचं प्रमाण हे नायट्रोजन मोजून काढलेलं असतं. तो नायट्रोजन मांसातून आला की पचायला अवघड कातडी-पिसांतून, हे त्या आकड्यावरून कळत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत हेच घडलं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळून प्रथिनांचा आकडा फुगवला होता आणि मूत्रपिंड निकामी होऊन अनेक कुत्री-मांजरं दगावली. पचनाची परीक्षा घरीच घ्यावी लागते. नव्या खाण्यावर महिनाभर ठेवल्यावर कुत्रा दिवसातून दोनदा, फार तर तीनदा, घट्ट आणि उचलता येईल अशी शी करत असेल, वजन टिकून असेल आणि केस कोरडे-राठ होत नसतील, तर खाणं अंगी लागतंय. चार-पाच वेळा, ढीगभर आणि मऊ शी होत असेल, तर पैशांचा मोठा भाग बाहेर जातोय.

खाणं बदलताना पहिले दोन दिवस पाव भाग नवं, पुढचे दोन दिवस निम्मं, मग पाऊण आणि आठव्या दिवशी पूर्ण नवं. एकदम बदललं की जुलाब होतात आणि दोष चांगल्या खाण्यावर येतो. आणि मापाचा पेला न वापरता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. पेल्यानं दर वेळी ४०-५० ग्रॅम इकडेतिकडे सहज होतात.

प्रश्न: आमच्याकडे १८ किलोची गावठी कुत्री आहे, ऑपरेशन झालेली. आजवर पोळी आणि दूध यावरच वाढली. विकतचं खाणं परवडणार नाही असं वाटतं. घरचंच स्वस्तात आणि नीट कसं द्यावं? (एक वाचक, सांगली)

आधी पोळी-दुधाचा हिशेब पाहू. तिला दिवसाला सुमारे ९०० कॅलरी लागतात. मध्यम आकाराच्या सहा पोळ्या आणि अर्धा लिटर गाईचं दूध यांतून तेवढ्या मिळतातही, म्हणूनच कुत्री हडकुळी दिसत नाही. पण प्रथिनं ३५ ग्रॅमच्या आसपास भरतात. हवीत निदान चाळीस, आणि त्यांतली बरीचशी प्राणिज असावीत, कारण गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी असतं. कॅल्शियम गरजेच्या निम्म्याच्या थोडं वर जातं. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हेही कमी पडतं. शिवाय अर्धा लिटर दुधातली साखर पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना पचत नाही आणि शी कायम पातळ राहते.

घरी शिजवायचं तर एका दिवसासाठी हे प्रमाण धरा: कच्चा तांदूळ १२० ग्रॅम, कातडी काढलेलं बोनलेस चिकन २०० ग्रॅम (तंगडीचं मांस छातीपेक्षा बरं), एक अंडं, कोंबडीची कलेजी २० ग्रॅम, लाल भोपळा, गाजर किंवा फरसबी १०० ग्रॅम आणि सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल दोन चहाचे चमचे. हे सुमारे ८८० कॅलरी आणि ५८ ग्रॅम प्रथिनं देतं. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून मऊ शिजवा, चिकन आणि भाजी त्यातच टाकली तरी चालेल. अंडं शिजवलेलंच द्या, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातलं अॅव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला अडवतं. तेल खाली उतरवल्यावर घाला. कलेजीचं प्रमाण आवडीनं वाढवू नका. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज वाटीभर देत गेलं तर हाडांवर परिणाम होतो.

इथपर्यंत बहुतेक लोक येतात आणि थांबतात. खरी चूक इथेच होते. चिकन आणि भात दोन्हींत कॅल्शियम नावापुरतं आणि फॉस्फरस भरपूर. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून काढतं. वरून कुत्री तुकतुकीत दिसते आणि आतून हाडं विरळ होत जातात. उपाय फुकटचा आहे. अंड्यांची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, कडक वाळवा आणि मिक्सरमध्ये मैद्यासारखी बारीक करून चाळून घ्या. एका टरफलाची साधारण एक चहाचा चमचा पूड होते आणि त्यात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वरच्या जेवणात रोज अर्धा चमचा पूड, म्हणजे एक टरफल दोन दिवस. भरड राहिली तर नीट शोषली जात नाही.

नाचणीच्या आंबिलानं कॅल्शियम भागेल का, असं पुष्कळ जण विचारतात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दिवसाची गरज भागवायला ३०० ग्रॅम नाचणी लागेल, म्हणजे दिवसाचं अख्खं जेवणच नाचणीचं, आणि त्यात प्रथिनं जेमतेम वीस-बावीस ग्रॅम. भाताऐवजी कधीमधी द्या, कॅल्शियमसाठी तिच्यावर विसंबू नका.

जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व टरफलानं येत नाही. त्यासाठी कुत्र्यांसाठीच बनवलेली जीवनसत्त्व-खनिजांची पूड डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे घालावी लागते. ती घेताना सांगा की टरफलाची पूड आधीच देत आहोत, नाहीतर कॅल्शियम दुप्पट होईल. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या देऊ नका. कुत्र्याला सूर्यप्रकाशातून ड जीवनसत्त्व पुरेसं बनवता येत नाही, त्यामुळे ‘उन्हात बसते की’ हा युक्तिवाद इथे लागू नाही.

आता पैशांचं. चिकन २६० रुपये किलो, तांदूळ ५० रुपये किलो आणि अंडं ७ रुपये धरलं, तर हे जेवण पंचाहत्तर रुपयांच्या आसपास जातं, पूड वेगळी आणि गॅस वेगळा. वर पुण्याच्या वाचकांना सांगितलेलं ३०० रुपये किलोचं खाणं तुमच्या कुत्रीला दिवसाला २६० ग्रॅम लागेल, म्हणजे ७८ रुपये. २२० रुपयांचं ६२ रुपयांत बसेल. घरचं म्हणजे स्वस्त हे गणित पोळी-दुधापुरतंच खरं असतं, पुरेसं पोषण द्यायला गेलं की मोडतं.

खर्च खाली आणायचा तर दोन मार्ग आहेत. पहिला, चिकन १४० ग्रॅमवर आणा आणि २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, उकळून, पाणी पिळून घाला. प्रथिनं तेवढीच राहतात आणि दिवसाला दहा-बारा रुपये वाचतात. गॅस होत असेल तर वड्या निम्म्या करा. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे: पाऊण भाग साधं पण ‘कम्प्लीट’ सुकं खाणं आणि पाव भाग घरचं, त्यात रोज एक उकडलेलं अंडं. म्हणजे २०० ग्रॅम सुकं खाणं, एक अंडं आणि दीड वाटी मऊ भात-भाजी. मोठ्या, निरोगी कुत्र्याला एवढी भेसळ चालते. पिल्लाला नाही.

घरच्या ताटातलं देताना कांदा आणि लसूण कटाक्षानं टाळा, शिजवलेले असले तरी. त्यांतल्या गंधकयुक्त घटकांनी लाल रक्तपेशी फुटतात, आणि थोडं थोडं रोज गेलं तरी परिणाम साठत जातो. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला घातक आहेत. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानलं जातं आणि चिंचेत ते भरपूर असतं, म्हणून आमटी-सार कुत्रीच्या भातावर ओतू नका. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले साखरविरहित पदार्थ घरात असतील तर वरच्या फळीवर ठेवा.

प्रश्न: चिकनच्या दुकानातून माना, पाय, हाडं जवळजवळ फुकट मिळतात. ती शिजवून दिली तर? (एक वाचक, कोल्हापूर)

शिजवलेलं हाड देऊ नका. शिजल्यावर ते ठिसूळ होतं, चावताना त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. रुतल्या नाहीत तर हाडांचा चुरा गुदद्वाराशी खडूसारखा घट्ट बसतो आणि कुत्रा कुंथत राहतो. कच्चं देण्याचा सल्लाही आम्ही देत नाही. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असतात, फ्रीजरमध्ये ठेवल्यानं ते मरत नाहीत, आणि कुत्रा आजारी पडला नाही तरी त्याची लाळ, भांडं आणि शी यांतून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतात.

त्याच दुकानातून पेटा घ्या. तो कलेजीसारखा जपून द्यावा लागत नाही, प्रथिनं चिकनइतकीच आणि भाव कमी. तासभर मऊ शिजवून बारीक चिरला तर वरच्या कृतीत निम्म्या चिकनची जागा तो घेऊ शकतो. माना-पाय उकळून, चरबीची साय काढून टाकलेलं पाणी भातात वापरता येईल. हाडं मात्र मोजून कचऱ्यात जाऊ द्या.

प्रश्न: लॅब्रॅडॉरचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे, ११ किलो. पिल्लाचं खाणं महाग म्हणून मोठ्या कुत्र्यांचंच देतो आणि वरून कॅल्शियमचं सिरप. चालेल ना? (एक वाचक, नाशिक)

दोन्ही आजच थांबवा. पैसे वाचवायला हे वय योग्य नाही.

वाढत्या पिल्लाच्या खाण्यात ओलावा वगळून प्रथिनं किमान २२.५ टक्के, स्निग्धांश ८.५ टक्के आणि कॅल्शियम किमान १.२ टक्के लागतं. प्रौढांच्या खाण्यात कॅल्शियम अर्धा टक्का असलं तरी ते नियमात बसतं. म्हणून तुम्हाला सिरपची गरज वाटली. पण मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तरी तितकंच नुकसान होतं. प्रौढ कुत्रा गरजेपुरतं कॅल्शियम शोषून बाकीचं सोडून देतो. पहिले सहा महिने पिल्लाच्या आतड्याला ते नीट जमत नाही, जे येईल त्यातलं पुष्कळसं आत जातं. मग हाडांची वाढ बिघडते, पुढचे पाय वाकतात, सांधे दुखतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा म्हणूनच १.८ टक्के ठेवलेली आहे.

पिशवीवर ‘लार्ज ब्रीड पपी’ असं लिहिलेलं, किंवा मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह सर्व वयांसाठी असल्याचं स्पष्ट सांगितलेलं खाणं घ्या. दुसऱ्या प्रकारचं कधीकधी स्वस्त मिळतं आणि पुढेही तेच चालू ठेवता येतं. त्यावर सिरप नाही, नाचणी नाही, टरफलाची पूडही नाही. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन वेळा, नंतर दोन वेळा. पिल्लाचं खाणं निदान बारा-पंधरा महिन्यांपर्यंत ठेवा. पाचव्या महिन्यात उंची दिसायला लागली की बरेच जण मोठ्यांच्या खाण्यावर नेतात. तेव्हा सांगाडा अजून तयार होत असतो.

आणि त्याला गुटगुटीत करू नका. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या जाणवल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं मिळालेली कुत्री साधारण तेरा वर्षं जगली, दुसरी सव्वाअकरा, आणि सडपातळ कुत्र्यांत सांधेदुखी उशिरा आली. एवढा मोठा फायदा देणारं कुठलंही महागडं खाणं बाजारात नाही.

प्रश्न: जवळच्या दुकानात सुटं खाणं किलोमागे चाळीस रुपये स्वस्त मिळतं. घ्यावं का? आणि पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर खाणं मऊ पडतं, ते द्यावं का? (एक वाचक, ठाणे)

सुटं घेऊ नका. पोत्यातून काढलेल्या खाण्याला बॅच क्रमांक नाही, मुदत नाही, पोतं कधी उघडलं हे कोणी सांगणार नाही. उघड्यावर दोन गोष्टी घडतात. दाण्यांवर बाहेरून फवारलेली चरबी हवेनं खवट होते आणि तिच्याबरोबर ई जीवनसत्त्वही जातं. दुसरी अधिक घातक: दमट हवेत दाणे ओलावा धरतात आणि बुरशी येते. मका, शेंगदाण्याची पेंड यांवर वाढणारी अॅस्परजिलस बुरशी अफलाटॉक्सिन हे विष तयार करते आणि ते यकृत निकामी करतं. ते उष्णतेनं सहज नष्ट होत नाही, म्हणून मऊ पडलेलं खाणं उन्हात वाळवून किंवा तव्यावर परतून देण्यात काही अर्थ नाही. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत अफलाटॉक्सिन जास्त निघाल्यामुळे सुकं खाणं बाजारातून परत मागवावं लागलं. तोवर डझनांनी कुत्री दगावली होती.

पिशवी उघडल्यावर सहा आठवड्यांत संपेल अशाच मापाची घ्या. ३० किलोचा कुत्रा दिवसाला ३८० ग्रॅम खातो, त्याची १५ किलोची पिशवी चाळीस दिवसांत संपते, मोठी पिशवी घेऊन पैसे वाचवणं तिथे बरोबर आहे. सहा किलोच्या कुत्र्याला तीच पिशवी चार-साडेचार महिने पुरेल. त्याच्यासाठी ३ किलोचीच बरी. खाणं डब्यात ओतू नका. पिशवीसकट स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तोंड गुंडाळून चिमटा लावा, आणि डबा भिंतीला किंवा जमिनीला टेकू देऊ नका. पिशवी टाकून दिली नाही तर काही बिघडल्यास बॅच क्रमांक हाताशी राहतो. डबा रिकामा झाला की साबणानं धुऊन पूर्ण कोरडा करा, तळाची जुनी चरबी नव्या खाण्यालाही खवट करते. वास बदलला, दाणे चिकटायला लागले किंवा नेहमी हावरेपणानं खाणारा कुत्रा तोंड फिरवायला लागला, तर उरलेलं फेकून द्या.

प्रश्न: आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही आणत नाही. वरण-भात, पोळी, ताक यावर कुत्रा ठेवता येईल का? (एक वाचक, नागपूर)

वरण-भातावर नाही. पण शाकाहारावर मोठा, निरोगी कुत्रा ठेवता येतो. कुत्र्याला मांजरासारखं मांस अनिवार्य नसतं. माणसाबरोबर राहून पिष्ट पचवण्याची त्याची क्षमता लांडग्यापेक्षा खूप वाढलेली आहे. अडचण मेथिओनिन आणि टॉरिन ही अमिनो आम्लं, ब१२ जीवनसत्त्व आणि जस्त यांची आहे. डाळीत मेथिओनिन कमी असतं आणि कुत्रा त्यापासूनच टॉरिन बनवतो. टॉरिन कमी पडलं की हृदयाचा स्नायू सैल पडू शकतो.

सुरक्षित आणि स्वस्तही मार्ग म्हणजे ‘कम्प्लीट’ लिहिलेलं शाकाहारी सुकं खाणं मुख्य ठेवणं आणि वरून थोडं दही किंवा पनीर. ते परवडत नसेल, तर कुत्र्याचं मांसाहारी सुकं खाणं बंद पिशवीत येतं, त्याचं भांडं वेगळं ठेवता येतं, शिजवावं लागत नाही. बऱ्याच शाकाहारी घरांना ही तडजोड जमते. पिल्लू किंवा गाभण कुत्री असेल तर मात्र आम्ही घरगुती शाकाहाराचा सल्ला देणार नाही.

प्रश्न: आमच्याकडे हंगामात तारली आणि बांगडा खूप स्वस्त असतो, सुके बोंबील तर घरातच असतात. कुत्र्याला किती द्यावेत? (एक वाचक, रत्नागिरी)

तारली हे कोकणातल्या कुत्र्याचं नशीब आहे. प्रथिनं उत्तम आणि कातडीला, सांध्यांना उपयोगी असं ओमेगा-३ भरपूर, तेही बाटलीतल्या तेलापेक्षा कितीतरी स्वस्त. १५ ते २० किलोच्या कुत्र्याला आठवड्यातून तीन वेळा दोन-तीन तारल्या द्या आणि त्या दिवशी चिकन तेवढंच कमी करा. डोकं आणि आतडी काढून, मीठ-मसाला न घालता कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवा. काटा बोटांनी चुरून पाहा, पिठासारखा चुरला तर तसाच चालेल, टोचला तर काढा. बांगड्याचा मधला काटा नेहमीच काढायचा. सुक्या बोंबलात मीठ असतं, तो रात्रभर भिजवून पाणी ओतून दिलं तरी चवीपुरताच ठेवा. कालवणातला मासा नको, त्यात कांदा-लसूण आणि चिंच असते.

प्रश्न: कुत्रा सतत खाजवतो. धान्याची अॅलर्जी आहे, ‘ग्रेन-फ्री’ घ्या असं सांगितलं. ते दुप्पट महाग आहे. (एक वाचक, मुंबई)

घाई करू नका. आपल्या हवेत खाजेचं पहिलं कारण पिसवा, गोचीड आणि बुरशी. आधी त्यांची तपासणी करून घ्या. खाण्याची अॅलर्जी असलीच तर ती जास्त करून बीफ, दूध आणि चिकनची निघते, गहू त्यांच्यानंतर येतो आणि तांदूळ क्वचित. खात्री करायची तर कुत्र्यानं कधीच न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, उदाहरणार्थ फक्त मासा आणि बटाटा, निदान आठ आठवडे द्यायचं. त्या काळात एकही बिस्किट नाही, चव लावलेली गोळी नाही. खाज थांबली, आणि जुनं खाणं दिल्यावर परत आली, तरच अॅलर्जी म्हणायची. धान्य काढून वाटाणे-मसूर भरलेल्या खाण्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं २०१८ मध्ये सुरू केली. कारण सिद्ध झालेलं नाही, पण निरोगी कुत्र्यासाठी दुप्पट पैसे मोजून हे खाणं घ्यायचं काही कारणही नाही.

प्रश्न: आमची पॉमेरेनियन ८ किलोची झाली, डॉक्टर ६ किलो हवी म्हणतात. खाणं तर मूठभरच खाते. (एक वाचक, सोलापूर)

चहाबरोबर तिला काय मिळतं ते मोजा. एका मारी किंवा ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात. सहा किलोच्या कुत्रीची विश्रांतीची गरज २७० कॅलरी, आणि वजन उतरवताना दिवसाचं खाणं साधारण तेवढंच ठेवायचं असतं. दिवसभरात घरातल्या चौघांनी दीड-दीड बिस्किट दिलं तर निम्मा कोटा तिथेच संपतो.

सकाळी ७० ग्रॅम सुकं खाणं काट्यावर मोजून एका डब्यात काढा. दिवसभरात जो कोणी तिला काही देईल तो या डब्यातले दाणे देईल. बिस्किटाऐवजी काकडीची किंवा गाजराची फोड. दर रविवारी वजन करा: आधी तिला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि फरक काढायचा. आठवड्याला ८० ते १६० ग्रॅम उतरलं तर बरोबर चाललंय. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर ६३ ग्रॅमवर या. त्यानंतरही काटा जागेवरच राहिला तर खाणं आणखी न कापता डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणी करून घ्या.